दोर मेहुण्याच्या हाती

११ नोव्हेंबर १९६३, सोमवार. शिरूर.

शाळेच्या घंटेवर अजून घड्याळ लावतो. निवृत्त होऊन अकरा वर्षे झाली. घंटा हल्ली दोन मिनिटे उशिरा होते, सांगायचे कोणाला?

दुपारी दारात जीप. खेड्यांत विजेच्या तारा नेण्याचे काम चालले आहे, त्यावरचे ओव्हरसियर (यापुढे ओ.). तारांच्या वाटेत येणाऱ्या फांद्या तोडण्यासाठी पेट्रोलवर चालणारी परदेशी करवत आली आहे. सोबत इंग्रजी पुस्तिका, पाने बत्तीस. झाडांवर चढणारी माणसे ठरली आहेत. पुस्तिका मराठीत उतरवून त्यांना शिकवावी, अशी विनंती. ओ. म्हणाले, "गुरुजी, इंग्रजी येणारे तालुक्यात पुष्कळ आहेत. सांगितलेलं डोक्यात बसवणारे तुम्हीच." स्तुती आहे हे कळत होते. तरी हो म्हटले.

ओ. गेल्यावर आठवून पाहिले, या खुर्चीवर याआधी कोण बसले होते. पोस्टमन. ऑगस्टमध्ये. पावसामुळे.

१४ नोव्हें., गुरुवार.

चार दिवसांत भाषांतर पुरे. 'यंत्रकरवत' हा शब्द योजला. करवतीचे टोक लाकडास टेकले तर ती उसळून चालवणाऱ्याच्या तोंडावर येते. इंग्रजीत यास एकच शब्द आहे, मला पूर्ण वाक्य लागले. वाक्य बरे उतरले आहे. एकूण नियम बारा.

पत्नी मार्था असती तर तिला मोठ्याने वाचून दाखवले असते. तांदूळ निवडता निवडता ऐकायची आणि म्हणायची, "मला समजलं, म्हणजे कुणालाही समजेल." आज भिंतीला वाचून दाखवले.

१७ नोव्हें., रविवार.

उपासना. बाहेर पडताना पाळकांनी विचारले, "दौंडचे दाविदराव आजारी होते म्हणे?" माहीत नाही, असे उत्तर दिले. खरेच माहीत नाही.

दाविद हा मार्थाचा धाकटा भाऊ. रेल्वेत गार्ड होता, आता दौंडलाच असतो. सहा वर्षांपूर्वी मार्था गेली तेव्हा त्याचे सांत्वनाचे पत्र आले होते. चार पाने. त्यातील चुका तांबड्या शाईने दुरुस्त करून मी ते त्याला परत पाठवले. त्या दिवसांत हाताला दुसरे काही करता येत नव्हते. हे त्याला कळवायला हवे होते. कळवले नाही. तेव्हापासून पत्र नाही.

१९ नोव्हें., मंगळवार.

शिकाऊ आले. तिघे. घोड नदीकाठचे धनगर. मेंढरे विकून शेतीला लागले, पण मेंढरांसाठी बाभळी-लिंबांवर चढून पाला पाडण्याचा हात राहिला. त्या हातावर ही नेमणूक. बिराआबा, माझ्याच वयाचे, सगळ्यांचे म्होरके. त्यांचा पुतण्या निवृत्ती (यापुढे नि.), पस्तिशीचा, अबोल, मराठी दुसरी पास. आणि नि.च्या बायकोचा भाऊ खंडू, बोलका, अवाजवी बोलका.

ओसरीवर पोत्यावर करवत ठेवली. बिराआबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. म्हणाले, "हिला प्वाट हाय, दात हायती. डोळं कुठं हायती?"

खंडू : "डोळं आपलं आबा. पेट्रोल सरकारचं."

धोतराचा सोगा खोचण्याचे, विडी दूर ठेवून पेट्रोल भरण्याचे नियम सांगितले. विडीच्या नियमावर तिघांचेही चेहरे उतरले. पुण्याचा फिटर यंत्र सुरू करून दाखवायला आला होता. त्याने दोरी ओढताच पिंपळावरचे कावळे गेले ते परत आले नाहीत.

२१ नोव्हें., गुरुवार.

चौथ्या नियमाशी अडले. नियम असा : चढणाऱ्याने कमरपट्टा घालून स्वतःस खोडाशी जखडून घ्यावे. त्याचा भार दुसऱ्या कोणाच्याही हातावर असू नये.

वाचून संपेपर्यंत तिघेही एकमेकांकडे पाहू लागले. त्यांची रीत निराळी आहे. कमरेचा दोर वरच्या बेचक्यातून घेऊन खाली सोडतात. खाली तो एक माणूस धरतो. वरचा सरकेल तसा ढील देतो, घसरला तर ताणतो, आणि "सोड" म्हटले की भर्रकन खाली उतरवतो. तो माणूस मेहुणाच असला पाहिजे. बायकोचा सख्खा भाऊ.

मी विचारले, स्वतःचा भाऊ का नको?

बिराआबा हसले. "भावाला वाटनी दिसती, गुरुजी. मेव्हन्याला भैनीचं कपाळ दिसतं."

मी म्हणालो, हात थकतो, माणसाला शिंक येते, डुलकी लागते. बक्कल थकत नाही.

खंडू म्हणाला, "बक्कल झोपत न्हाई हे खरं. पर बक्कल वर बगत बी न्हाई."

उत्तर हजरजबाबी होते. नियमास उत्तर नव्हते. शिवाय कोयता एका हाताने चालतो, यंत्रकरवतीस दोन्ही हात लागतात. मग झाडाला धरायचे कशाने? पट्ट्यानेच. हे नि.ला पटले. त्याने मान डोलावली. बिराआबा 'बरं' म्हणाले. नियम राहिला.

जाताना खंडूने विचारले, "गुरुजी, तुमचा दोर कोन धरतंय?" थट्टा होती.

२८ नोव्हें., गुरुवार.

शाळेच्या आवारातील कडुनिंबावर रोज संध्याकाळी सराव. यंत्र बंद ठेवून. नि.ला थांबण्याचा क्रम पाढ्यासारखा पाठ करून घेतला : एक, चापावरून बोट काढणे. दोन, बटण दाबून यंत्र बंद करणे. तीन, साखळी थांबल्याची खात्री करणे. चार, करवत फांदीला टांगलेल्या आकड्यास अडकवणे. पाच, मगच पट्ट्यास हात लावणे. मध्येच हाक मारून, खडा मारून, दचकवून पाहिले. क्रम चुकला नाही. चाळीस वर्षांत असा विद्यार्थी तीनदा मिळाला असेल.

खंडूला काम नाही. खाली उभा राहून दोन्ही हात एकमेकांत घालतो, सोडतो.

संध्याकाळी ओसरीवर तीन जोडे पाहिले की घर निराळे दिसते.

६ डिसें., शुक्रवार.

शिक्रापूरला रस्त्याकाठी पहिले प्रत्यक्ष काम. लहानसा वड. नि.ने तीन फांद्या उतरवल्या. पट्टा, दोन्ही पाय, दोन्ही हात, टोक लाकडापासून दूर, सर्व नियमाप्रमाणे. ओ. खूष. पुस्तिका छापून भांडगावकडच्या टोळीलाही वाटणार म्हणाले. मुखपृष्ठावर माझे नाव घालू नका, असे सांगितले. घालतील अशी आशा होती, हेही येथे लिहून ठेवतो.

नि.ने फांदीचा एक चकता आणून दिला. कापलेला भाग हातास लागत नाही इतका गुळगुळीत. टेबलावर ठेवला आहे.

१५ डिसें., रविवार.

उपासनेस अकरा जण. गीताचा खालचा सूर मार्था धरीत असे. ती जागा रिकामीच गायली जाते.

२५ डिसें., बुधवार. नाताळ.

सकाळी देवळात. पाळकांकडे जेवणाचे आमंत्रण होते. प्रकृतीचे कारण सांगितले. पूर्वी या दिवशी दाविद दौंडहून सकाळच्या गाडीने निघे, आणि मार्था करंज्यांचा डबा त्याच्या हाती लागू नये म्हणून धान्याच्या कणगीत लपवी. त्याला कणगी ठाऊक होती. तिला हे ठाऊक होते की त्याला ठाऊक आहे.

दोन वाजता कडी वाजली. नि. आणि त्याची बायको ठकूबाई. फडक्यात हुरडा, वर लसणाची चटणी. नि. उभाच. ठकूबाई म्हणाली, "तुमचा सन हाय म्हनं आज. आमास्नी काय करत्यात ठावं न्हाई. म्हनून खायाचं आनलं."

बसून खाल्ले. ठकूबाईने सांगितले की निजताना हे पुटपुटतात, "येक बोट, दोन बटन." पोरे हसतात. मग माझ्याकडे न पाहता तिने विचारले, "पट्ट्यानं काय व्हत न्हाई न्हवं, गुरुजी? माझा भाऊ घरी येऊन गप बसतोय. त्याच्या हातात व्हतं तवा मला घोर नव्हता."

मी म्हणालो, "बाई, पट्टा माणसापेक्षा भरवशाचा असतो. मी वाचलेले आहे."

ती म्हणाली, "तुमी म्हंता तर असंल."

ते गेल्यावर तीन ताटल्या विसळल्या. सावकाश.

३ जाने. १९६४, शुक्रवार.

पुढील बुधवारी इनामगाव. घोड नदीच्या काठचा मोठा वड, तारांची वाट त्याच्या मधोमध. बिराआबा मुद्दाम चालत आले. त्या वडापासून दीडशे पावलांवर उंबर आहे, त्याला आग्या मोहोळ आहे. "कोयत्याला त्ये काय बोलत न्हाई. वर्सानुवर्स पाला पाडलाय तिथं. पर यंत्राचा आवाज मोहळाला चालंल का? तुमच्या बुकात बगा."

बत्तीस पाने पुन्हा वाचली. मधमाशी हा शब्दच नाही. ज्या देशात पुस्तक लिहिले तेथे रस्त्याच्या झाडांना मोहोळे लटकत नसावीत.

मी बिराआबांना सांगितले, पुस्तकात तसा काही उल्लेख नाही.

येथे लिहिताना लक्षात येते की हे उत्तर नव्हते. तरी त्यांनी ते उत्तर म्हणून घेतले. "बरं," म्हणाले, आणि गेले.

८ जाने., बुधवार.

इनामगाव. नि. दौंडच्या दवाखान्यात. उद्या लिहीन.

९ जाने., गुरुवार.

क्रमाने लिहितो.

दहाला पोहोचलो. बिराआबांनी नेहमीप्रमाणे वडाभोवती फेरी घातली, बुंध्याला हात लावून पुटपुटले. मग उंबराकडे बोट केले. मोहोळ परातीएवढे, काळेभोर, स्तब्ध. ओ.नी घड्याळ पाहिले, नंतर माझ्याकडे. पुस्तकात उल्लेख नाही, हे तेच वाक्य मी दुसऱ्यांदा बोललो.

नि. वर गेला. पट्टा खोडाला घातला, बक्कल लावले, ओढून पाहिले. दोराने करवत वर घेतली. खंडू खाली, हात रिकामे. यंत्र सुरू झाले. पहिली फांदी पडली. दुसरी अर्धी झाली असेल.

उंबराकडून प्रथम आवाज आला नाही. यंत्राच्या आवाजात तो बुडाला असणार. काहीतरी काळे, घोंगडी झटकावी तसे, हवेत उलगडले. बिराआबा ओरडले, "मोहोळ उठलं! निवरती, ये खाली!"

सगळे पळाले. ओ. जीपमध्ये शिरून काचा लावू लागले. मी पळालो नाही. धैर्य नव्हे. मी वर पाहत होतो.

नि.ने चापावरून बोट काढले. एक. बटण दाबले. दोन. माशा त्याच्या मुंडाशावर, मानेवर, तोंडावर. त्याने साखळीकडे पाहिले, ती थांबली आहे याची खात्री केली. तीन. मी खाली उभा राहून मोजत होतो. करवत आकड्याला लावायला गेला, चुकला. पुन्हा गेला, चुकला. मी म्हणायला हवे होते, टाक ती. माझ्या तोंडून आले ते "चार". मोठ्याने. त्याने ऐकले असावे. तिसऱ्या खेपेस आकडा लागला. मग त्याचा हात बक्कलाकडे आला. तोवर डोळे मिटले होते. बोटे पट्ट्यावरून फिरत राहिली.

त्यांच्या रीतीप्रमाणे खंडूच्या हाती दोर असता तर पहिल्या हाकेस नि. जमिनीवर आला असता. हे आज सुचलेले नाही. हे मला तेव्हाच, चार म्हणताना, दिसत होते.

खंडू मागे फिरला. त्याने घोंगडी डोक्यावरून घेतली, कोयता पाठीला खोचला आणि चढला. अनवाणी. कशालाही न बांधता. वर जाऊन नि.ला घोंगडीत घेतले, करवत चढवण्याचा दोर त्याच्या काखेतून घातला, पट्टा कोयत्याने तोडला आणि त्याला खाली सोडले. खाली दोर बिराआबांनी धरला होता. घोंगडी नि.बरोबर खाली आली. खंडू उघड्या अंगाने उतरला.

करवत वर आकड्याला लटकत राहिली. तिला काही झाले नाही.

ट्रकमधून दौंड. माझ्या अंगावर पाच डंख. मोजले, कारण मोजणे तेवढे सुचत होते. नि.चे तोंड ओळखू येत नव्हते. खंडूचे ओठ सुजलेले, तशातही मला म्हणाला, "फेकून दिलं असतं त्ये यंत्र, तर सुटला असता. पर फेकायचं तुमी शिकवलं न्हाई."

बिराआबा म्हणाले, "गप."

खंडूने तोंड फिरवले. ते अधिक कठीण होते.

११ जाने., शनिवार.

जीव वाचला, असा निरोप. डंख दोन्ही बुबुळांना आहेत. डोळे बांधले आहेत. बावीस तारखेस पट्टी सोडणार. तोवर डॉक्टर काही सांगत नाहीत.

संध्याकाळी सवयीने ओसरी झाडली. पोते अंथरले. मग घडी करून ठेवले.

१३ जाने., सोमवार.

ओ. आले. वरती अहवाल पाठवायचा आहे, माझा जबाब जोडायचा आहे. मसुदा त्यांनी आणला होता : चढणाऱ्याने मोहोळाबाबत पुरेशी खबरदारी न घेतल्यामुळे. म्हणाले, "तुम्ही फक्त भाषा नीट करून सही करा. नाहीतर यंत्रावर येईल, पुस्तिकेवर येईल. तुमच्यावर येईल, गुरुजी."

विचारले, नि.चे काय होईल?

"पुन्हा घेणार नाहीत. तसाही डोळ्यांचा..."

मसुद्याची भाषा नीट होती. त्यात दुरुस्त करण्यासारखे काही नव्हते; फक्त ते खोटे होते. सही केली नाही. विचारले, पुस्तिका भांडगावला गेली का? "शुक्रवारीच वाटली. चौथा नियम वगैरे सगळं तुमच्याच शब्दांत आहे." हे त्यांनी मला बरे वाटावे म्हणून सांगितले.

दुरुस्ती पुढल्या आवृत्तीत करू, म्हणाले. भांडगावचे काम अठरा तारखेला सुरू होते.

१४ जाने., मंगळवार. संक्रांत.

शेजारून तिळगूळ आला. जबाब लिहिला. सात वेळा लिहिला. शेवटी इतकाच राहिला :

"निवृत्तीने एकही नियम मोडला नाही. त्याने सर्व नियम माझ्या शिकवणीप्रमाणे व क्रमाने पाळले. मोहोळाची सूचना बिराआबांनी मला दोनदा दिली होती. ती मी मानली नाही. दोर माणसाच्या हाती असता तर तो वेळेवर खाली आला असता. तो नियम माझा आहे. नियम चूक आहे."

'पुस्तिकेचा आहे' असेही लिहिता आले असते. पण दुसरे वाक्य, 'कोणाच्याही हातावर असू नये', मूळ इंग्रजीत नाही. आज ताडून पाहिले. ते मी घातले. वाक्य तोलदार व्हावे म्हणून.

मार्था असती तर विचारले असते, हे आधी ताडून का पाहिले नाहीस.

१६ जाने., गुरुवार.

एस.टी.ने दौंड. जबाब रजिस्टरने टाकला, मग दवाखाना. नि. भिंतीकडे तोंड करून निजलेला. ठकूबाई दाराशी. आत जा असे म्हणाली नाही, जाऊ नका असेही नाही. मी दारातच बसलो, तासभर. नि.ला झोप होती की नव्हती, कळले नाही. निघताना तो तोंड न वळवता म्हणाला, "यंत्र उतरवलं का गुरुजी खाली?"

उतरवले, असे सांगितले.

"मंग बरं."

परत स्टँडकडे येताना रेल्वेची घरे लागतात. दाविदचे ओळीत तिसरे. बाहेर खाट, खाटेवर उन्हात घातलेली उशी. समोरून गेलो. वळलो, पुन्हा समोरून गेलो. एस.टी. चुकेल असे स्वतःस सांगितले. एस.टी.ला चाळीस मिनिटे होती.

१८ जाने., शनिवार.

भांडगाव. ट्रकवाल्याने पहाटे न्हावऱ्यापर्यंत, पुढे दुसऱ्याने. सोलापूर रस्त्यावर चिंचेखाली टोळी बसलेली, सहा जण. नऊच्या आत पोहोचलो म्हणून यंत्र अजून पेटीत होते. मुकादम म्हणाला, "तुमी कोन?"

हे पुस्तक मी लिहिले, असे सांगितले. मुकादमाने पुस्तिका उलटून पाहिली. "नाव न्हाई कुठं."

म्हणालो, नाही. पण वाक्ये माझी आहेत.

इनामगावचे सगळे सांगितले, 'चार'देखील सांगितले. त्यांच्यातही दोर मेहुण्यानेच धरायची रीत आहे. पुस्तिका आल्यापासून बंद केली होती. एका थोराड माणसाने विचारले, "मंग हे पाठ केलं त्येचं काय करू? दोन दिस गेलं माझं."

प्रत्येकाची पुस्तिका मागून घेतली. तांबडी शाई बरोबर नेली होती. सहा प्रतींत चौथा नियम खोडला. एका रेघेने नव्हे. वाचताच येणार नाही असा. दुसऱ्याच्या कागदावर हे पेन चाळीस वर्षे चालवले. स्वतःच्या वाक्यावर चालवताना हात इतका हलका असेल असे वाटले नव्हते.

मुकादम : "खोडलं, पर जागा मोकळी ऱ्हायली. तिथं काय ल्ह्यायचं?"

पट्टा असावा, कारण दोन्ही हात करवतीवर असतात. पण त्याची गाठ एका हिसक्यात सुटणारी असावी. दोरही असावा, तो बेचक्यातून खाली. परिसरात मोहोळ असल्यास यंत्र सुरू करू नये. संकट येताच करवत टाकून द्यावी. आणि दोर कोणाच्या हाती, येथे मी थांबलो. मेहुणा नसेल त्याने काय करावे? थोराड माणूस म्हणाला, "ज्याचं काय जाईल त्याच्या हातात द्यावा." तसेच लिहिले. शब्द बदलून पाहिले होते. बदलून लहान होत होते.

ओ.ना हे कळेल. कळो.

१९ जाने., रविवार.

उपासनेस गेलो नाही. दाविदला पत्र लिहिले. पोस्टकार्ड. त्यात क्षमा हा शब्द एकदा आहे, कारण दुसऱ्यांदा आला की तो अलंकार होतो. बुधवारी दौंडला येत आहे, दवाखान्यात काम आहे, इतके कळवले. "मार्थाच्या वेळी माझा हात तुझ्या पत्रावर चालला, कारण दुसरे धरायला काही नव्हते" असे एक वाक्य होते. ते ठेवावे की काढावे यात दुपार गेली. ठेवले. पेटीत टाकून आलो.

२० जाने., सोमवार.

बिराआबा आले. प्रथमच एकटे, हातात काठी. ओसरीवर बसले.

म्हणाले, "ओव्हरसियर आला हुता. तुमचा कागद वाचून लई तापला. यंत्र बंद ठिवलंय. निवरतीचं नाव काटलं न्हाई आजून. काटनार बी नसंल. ठावं न्हाई."

मी म्हणालो, आबा, तुम्ही दोनदा सांगितले होते.

"सांगितलं. पर म्या बी दोर सोडलाच की. तुमी म्हनला आन् म्या बरं म्हनलो. म्हातारं मानूस म्या, झाड मला ठावं. बुकाला का भ्यालो?" मग थोड्या वेळाने, "खंडू येनार न्हाई तुमच्याकडं. त्येला लावू नगा निरोप. येळ लागंल त्येला."

चहा केला. दोन कप. त्यांनी बशीत ओतून प्यायला, मी कपाने. नि.ने दिलेला चकता त्यांनी उचलून पाहिला, बोट फिरवले, होता तिथेच ठेवला.

उठताना म्हणाले, "निवरतीचा सांगावा हाय. बुधवारी पट्टी सोडत्यात तवा गुरुजींनी म्होरं बसावं."

का, असे विचारले.

"त्यो काय बोलतोय का जादा? म्होरं बसावं, यवढंच म्हनला."

२१ जाने., मंगळवार.

दाविदचे उत्तर नाही. कार्ड पोहोचले असेल, न पोहोचले असेल. टपाल काल सोमवारीच निघाले असणार. उद्याची एस.टी. सव्वासहाची. पिशवी भरली : धुतलेला सदरा नि.साठी, ठकूबाईस गूळ, चष्मा, जबाबाची नक्कल.

रेल्वेची घरे आधी लागतात, दवाखाना नंतर. वाटेत थांबलो तर उशीर होईल, न थांबलो तर. हे ठरले नाही.

मनात येते ते एवढेच, की त्याने मला समोर का बसवावे. ठकूबाई आहे, पोरे आहेत, खंडू आहे. दिसले तर त्याला पहिला मी दिसेन. आणि नाही दिसले तर मी समोर असेन, आणि तो माझ्याकडे तोंड करून विचारील, गुरुजी, सोडली का पट्टी? आणि ते मला सांगावे लागेल. मी काय म्हणायचे ते आज लिहून न्यावे म्हणून कागद घेतला. कागद कोरा आहे. पिशवीत घातला नाही.

गजर साडेचारचा लावला. घड्याळ आज घंटेवर लावले नाही. घंटा मागे आहे.